कौसल्याच्या कानावर चाललेलं गॅरेज

दिग्रसला दारव्हा रोडवर धम्मरत्न मिस्त्रीचं गॅरेज होतं. लिंबाखाली चार खांब, वर पत्रे, एका बाजूला हत्यारांची लाकडी पेटी, आणि जमीन इतकी तेल प्यालेली की पावसाचं पाणीसुद्धा तिच्यात न मुरता वरच थबकून राहायचं. पुसदपासून आर्णीपर्यंतचे जीपवाले त्याला ओळखत. चार ठिकाणी दाखवूनही आजार न सापडलेली गाडी शेवटी धम्मरत्नकडे यायची. तो बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा आणि चालू इंजिनावर पंजा ठेवून उभा राहायचा. शेजारी उलट्या डब्यावर बायको कौसल्या बसलेली असायची. थोड्या वेळानं तो सांगायचा, अमुक बेअरिंग गेलं, तमुक नोझल टपकतं. उघडून पाहिलं की तेच निघायचं.

"मिस्त्रीच्या हातातच कान हायेत," असं लोक म्हणत.

ते खरं नव्हतं. कान कौसल्याचे होते.

धम्मरत्नचा बाप डोमाजी जिनिंगमध्ये हमाल होता. छप्पन सालानंतर ज्या घरांनी जुने देव पोत्यात बांधून नदीत सोडले त्यांतलं त्याचं एक घर, म्हणून पहिल्या पोराला त्यानं असं नवं, लांबलचक नाव ठेवलं. शाळेत मास्तर ते नाव पूर्ण घ्यायचे याचंच डोमाजीला कौतुक. पण नाव नवं असलं तरी काम जुनंच मिळालं. मिसरूड फुटायच्या आत पोरगा जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागला. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची लांब रांग, आणि त्या सगळ्यांचा मिळून असा गोंगाट की माणसं तिथं तोंडानं बोलतच नसत, हातवारे करत. त्या गोंगाटातून नेमकं कोणतं यंत्र कण्हतं आहे हे ओळखायला धम्मरत्न तिथंच शिकला. त्याचे कान गेले तेही तिथंच. जिनिंग सोडून त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं, लग्न झालं, रुपाली झाली, तोवर काही जाणवलं नव्हतं. कान पुढे हळूहळू जात राहिले, भिंतीचा चुना पडावा तसे.

आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, पोरीच्या पायातले वाळे. धम्मरत्नला वाटायचं, गाव शांत होत चाललं.

कौसल्याला आधी कळलं. वऱ्हाडात बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. "आयकलं काय" असं म्हणतात. कौसल्या दिवसातून शंभरदा म्हणायची, आयकलं काय, चहा ठेवला. आयकलं काय, पाणी आलं नळाले. एक दिवस तिच्या लक्षात आलं, तोंड समोर असलं तर हा माणूस उत्तर देतो, पाठ असली तर देत नाही. तिनं मुद्दाम त्याच्या मागं उभं राहून पितळी परात फरशीवर टाकली. शेजारची म्हातारी दारात येऊन पाहून गेली. धम्मरत्न विडी ओढत तसाच बसलेला. कौसल्यानं परात उचलली, पदरानं पुसली आणि जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती चहाची किटली घेऊन गॅरेजवर आली आणि परत गेलीच नाही. पूनमसिंग नावाचा तांड्यावरचा जीपवाला आला होता. त्याची गाडी उभी असताना टिकटिक करायची. धम्मरत्न इंजिनावर वाकून एकदा इकडे, एकदा तिकडे कान देत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. कौसल्यानं कपात चहा ओतून त्याच्या हातात दिला, आणि पाठ पूनमसिंगकडे करून, ओठ नीट हलवत म्हणाली, "तव्यावर तीळ तडतडून राह्यले. वरच्या झाकनाखाली. पुढच्या अंगाले."

धम्मरत्न तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. मग चहा संपवून म्हणाला, "पूनम, टॅपेट ढिले झाले तुझे. पुढचे."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तो खाटेवर बसला आणि जेवायला उठेना. कौसल्या समोर येऊन बसली.

"यवतमाळले जाऊ. कानाची मशीन भेटते म्हन्तात."

"मिस्त्रीच्या कानात मशीन पाह्यली तं गाडी कोन आनन इथं?"

"मंग?"

"तू हाय नं."

ते त्यानं हसून म्हटलं होतं. पण त्यानंतर वर्षानुवर्षं तसंच चाललं. कौसल्या सकाळचं आवरून गॅरेजवर यायची, डब्यावर बसायची, मांडीवर तांदूळ निवडायला घ्यायची. लोकांना वाटायचं, मिस्त्रीचं बायकोवर भारी प्रेम. गाडी चालू झाली की तिचे हात तांदळात तसेच थांबायचे. पार्टची नावं तिला येत नव्हती आणि तिनं ती शिकूनही घेतली नाहीत. तिचे आवाज तिच्या घरातले होते. बेअरिंग वाजलं तर जात्यात खडा. पट्टा ढिला तर भुकेलं मांजरीचं पिल्लू. नोझल बिघडलं तर उखळात मुसळ. धम्मरत्न तिचे ओठ वाचायचा, इंजिनावर हात ठेवायचा, आणि खडा कुठल्या जात्यात आहे ते शोधायचा. रात्री जेवताना दोघं दिवसभराच्या गाड्यांवर बोलत. त्याचा स्वतःचा आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नसे; मग ती तळहात खाली दाबून खूण करायची, हळू, हळू. रुपालीला आईबापांचं हे बोलणं खेळासारखं वाटायचं. ती दोघांच्या मध्ये बसून ओठ न हलवता बोलायची आणि बापाची फजिती करायची.

मग कापसाचे ते दिवस आले. भाव पडला, एक वर्ष पडला, दुसऱ्या वर्षी पडला, मग तो पडलेलाच राहिला. दिग्रसचं सगळं कापसावर. शेतकरी बाजाराला आला नाही की काळीपिवळी जीप रिकामी, जीप रिकामी की ती घरासमोर उभी, आणि उभ्या जीपला मिस्त्री लागत नाही. जिनिंगाही एकेक करून बंद पडत होत्या. पूनमसिंगनं जीप विकली आणि बसस्टँडजवळ कोणाच्या तरी गॅरेजात हाताखाली राहिला. रुपालीचं लग्न त्यातच घाटंजीला उरकलं. ती गेल्यावर घरात दोघंच.

"मी जिनिंगात जातो, हंगामापुरती," कौसल्या म्हणाली.

वऱ्हाडात बाईसुद्धा स्वतःबद्दल 'जातो, येतो' असंच बोलते. धम्मरत्नला ते आवडलं नाही. जिनिंगनं आपलं काय नेलं ते त्याला माहीत होतं. पण त्याला वाटलं, जाऊन जाऊन कानच जातील, आणि ती तर यंत्रापासून दूर, कवडी वेचायला बसणार. कवडी म्हणजे कापसातली किडकी, पिवळी बोंडं; बायका ढिगावर बसून ती वेगळी काढतात. तिथं गोंगाट कमी. धूळ मात्र सगळी तिथंच.

सकाळी ती जिनिंगला जायची, दुपारनंतर गॅरेजला. आली की भुवयांवर, पापण्यांवर, केसांत रुईचे तंतू. धम्मरत्न तेलकट हात पुसून ते एकेक वेचायचा. "म्हातारी झाली तू," म्हणायचा. ती हसायची आणि मान फिरवायची. पाण्याचा तांब्या घ्यायला म्हणून लिंबाच्या पलीकडे जायची. तांब्या घ्यायला तिला वेळ लागायचा. ती वाळली होती, पण त्या वर्षी दिग्रसमध्ये कोण वाळलं नव्हतं?

त्या हिवाळ्यात बबनरावांची ॲम्बेसेडर आली. बबनराव कापसाचे व्यापारी. पांढरी डिझेल गाडी त्यांनी चांगल्या दिवसांत घेतली होती, आणि आता विकायची पाळी येऊ नये म्हणून ते ती जपत होते. गाडीचा आजार विचित्र होता. पळताना ठीक. उभी करून इंजिन चालू ठेवलं की कुठून तरी एक आवाज निघायचा. ॲक्सिलेटर जरासा दाबला की बंद. पुन्हा सोडला की पुन्हा चालू. यवतमाळला टॅपेट सेट करून झाले, नोझल बदलून झाले, इंजिनाखालची रबरं नवी बसवून झाली. आवाज तसाच.

"मिस्त्री, हा आवाज मले खाऊन राह्यला," बबनराव म्हणाले. "फाटकावर गाडी उभी केली का लोक पाह्यतात."

कौसल्यानं धम्मरत्नपर्यंत बोलणं पोचवलं. आता तो अगदी जवळच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा कानानं नव्हे, छातीत ऐकायचा. त्यानं बबनरावांना स्टिअरिंगवर बसवलं आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. बॉनेटवर पंजा ठेवला. कौसल्या डब्यावरून उठून गाडीभोवती फिरली.

"टिकटिक नाई. मुसळ नाई," ती समोर येऊन म्हणाली. "पत्र्याच्या डब्यात कोनी चिंचोके हलवून राह्यलं. मधीच थांबते, मंग पुन्हा."

धम्मरत्ननं बबनरावांना क्लच दाबायला लावला. कौसल्यानं मान हलवली, फरक नाही. त्यानं इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा काढला, थोडा वेळ तसंच चालवलं. चिंचोके हलतच होते. म्हणजे पंखा नाही, पाण्याचा पंप नाही, डायनॅमो नाही. डिझेलच्या नळ्या एकेक ढिल्या करून पाहिल्या. एकेक सिलिंडर बंद पडायचा, इंजिन लंगडायचं, पण चिंचोके थांबायचे नाहीत. धम्मरत्नला त्या दिवशी मजा येत होती. असं काम कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. त्यानं कौसल्याकडे पाहून डोळे मिचकावले.

"खालून येते," ती म्हणाली. "मागून. तुमच्या गेरबॉक्साच्या इकडून."

त्यानं पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरला. आता त्याला तिचे ओठ दिसणार नव्हते. पण अशा वेळची त्यांची एक रीत होती. त्याचे पाय गाडीबाहेर असायचे. तो खाली एकेक वस्तू दाबून धरायचा, आणि आवाज थांबला की ती त्याच्या घोट्याला पायाच्या अंगठ्यानं टोचायची.

त्यानं सायलेन्सरचा नळ चिंधीनं धरला. काही नाही. गिअरबॉक्सचा आधार दाबला. काही नाही. हँडब्रेकची तार, काही नाही. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, मोठ्या चाकाच्या खाली जो पातळ पत्रा असतो, धूळ आत जाऊ नये म्हणून बसवलेला, त्याच्यावर त्यानं तळहात ठेवला. पत्रा त्याच्या हाताखाली थरथरत होता. एका कोपऱ्याचा बोल्ट पडला होता. त्यानं पत्रा घट्ट दाबला आणि घोट्यावरच्या टोचणीची वाट पाहिली.

टोचणी आली नाही.

त्यानं हात सोडला, पुन्हा दाबला. काही नाही. त्याला नवल वाटलं. हाताला तर कळत होतं, हेच आहे. बऱ्याच वेळानं घोट्याला काही तरी लागलं, पण तो कौसल्याचा पाय नव्हता. बुटाचं टोक होतं.

तो सरकत बाहेर आला. बबनराव इंजिन तसंच चालू ठेवून गाडीतून उतरले होते. कौसल्या लिंबाला धरून उभी होती, पदर तोंडावर. बबनराव धम्मरत्नला काही तरी म्हणाले. त्याला नीट कळलं नाही. अशा वेळी तो नेहमी कौसल्याकडे पाहायचा, आणि ती तेच शब्द ओठांनी पुन्हा म्हणायची. त्यानं पाहिलं. कौसल्यानं मान खाली घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं गिऱ्हाइकाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचवलं नाही.

"काय म्हन्तात वं?" त्यानं विचारलं.

तिनं पदर तोंडावर आणखी घट्ट दाबला.

तेव्हा बबनरावांनी कौसल्याकडे बोट दाखवलं, आपल्या तोंडावर मूठ धरली, आणि दोनदा, तीनदा वाकून खोकल्याची नक्कल केली. मग हात उलटा करून विचारलं, किती दिवसांपासून?

धम्मरत्न हसला. म्हणाला, "नाई नाई, तिले खोकला नाई."

बबनराव त्याच्याकडे पाहत राहिले. गॅरेजच्या पलीकडे चहाची टपरी होती. टपरीवाली बाईही हातातलं गाळणं तसंच धरून पाहत होती. आपल्या हसण्याला कोणीच हसत नाही हे धम्मरत्नच्या लक्षात आलं. त्यानं कौसल्याच्या तोंडावरचा पदर हातानं बाजूला केला. पदराला लाल डाग होता. नवा होता, आणि त्याच्याखाली धुऊन फिकट झालेले जुने होते.

बबनरावांना एकाच वेळी दोन गोष्टी समजल्या. बाई आजारी आहे, आणि मिस्त्री बहिरा आहे. त्यांनी दुसरी गोष्ट गावात कधी कोणाला सांगितली नाही. पहिलीसाठी ते दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी घेऊन दारात आले. रात्री धम्मरत्ननं बोल्ट बसवला होता.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी कौसल्याच्या पाठीला नळी लावली, जागा बदलत बराच वेळ ऐकत राहिल्या. मग एक्स-रे झाला. एक्स-रे उजेडाकडे धरून त्या बोलायला लागल्या. धम्मरत्न त्यांच्या ओठांकडे पाहत होता, पण त्यांचं बोलणं भराभर आणि अर्धं इंग्रजी. सवयीनं त्यानं कौसल्याकडे पाहिलं.

"काय म्हन्ते डॉक्टरीण?"

कौसल्यानं तोंड त्याच्याकडे केलं आणि नेहमीसारखे ओठ नीट हलवत सांगितलं, "म्हन्ते, कापसाची धूळ गेली छातीत. गोळ्या घ्या. बरं वाटन."

डॉक्टरीणबाई केवढा वेळ बोलल्या होत्या, आणि कौसल्यानं सांगितलं ते एवढंसंच. धम्मरत्ननं बबनरावांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा कौसल्यानं त्याला एका आवाजाबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि ते त्याला तिथंच कळलं, पण तो "बरं" म्हणाला. बाहेर व्हरांड्यात बबनरावांनी त्याचे खांदे धरून, सावकाश, एकेक शब्द दाखवत सांगितलं. धुळीनं छाती आधीच जाम झाली होती. त्यात टीबी शिरला. दोन्ही बाजू. उशीर झाला. "उशीर" म्हणताना त्यांचे ओठ लांब पुढे आले, तो आकार धम्मरत्नला पुढे कित्येक दिवस दिसत राहिला.

घरी आल्यावर तो तिच्यावर ओरडला. किती मोठ्यानं ओरडला ते त्याला कळलं नाही. गल्लीतल्या बाया दारात आल्या त्यावरून अंदाज आला. कौसल्यानं तळहात खाली दाबला. हळू.

"काहून नाई सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तं जिनिंगात जाऊ देल्लं असतं काय?"

"माझ्या बाजूले झोपत होती नं तू! रोज!"

"तुमच्याकडं पाठ करून खोकलत होतो."

धम्मरत्न खाटेवर बसला. त्यानं खाटेची पाटी धरली. कितीतरी रात्री ती खाट हलली होती. हादरा त्याच्या पाठीला लागला होता, एकामागून एक, थांबून पुन्हा. तो जागा झाला होता. त्याला वाटलं होतं, कूस बदलते आहे बिचारी, दिवसभर बसून कंबर धरली असेल. ज्याला लोक हातानं गाडी ओळखणारा म्हणत त्याला पाठीखालची खाट कळली नाही. त्यानं हे कौसल्याला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली गेला असावा, कारण या वेळी तिनं खूण केली नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात घेऊन आपल्या पाठीवर ठेवला. खोकला आला. त्याच्या पंज्याखाली तिच्या पाठीचे मणके वर आले, खाली गेले.

त्यानंतर गॅरेज बंदच राहिलं. धम्मरत्न गोळ्या द्यायचा, पेज करायचा, अंगण झाडायचा. शेजारची भागीरथाबाई एकदा म्हणाली, "आमाले वाटे तुमाले माईत हाय, मिस्त्री. एवढी खोकले बाई, भिंतीच्या इकडं झोप नाई ये." ती चांगल्या मनानं म्हणाली. त्याला ते कळलंही. तो उठून आत गेला आणि भिंतीवर हात ठेवून उभा राहिला.

रुपाली घाटंजीहून येऊन राहिली. आईचं बोलणं आता नुसता श्वास झाला होता, ओठ हलेनात, म्हणून धम्मरत्नला काही समजेना. रुपाली मध्ये बसायची. "बाबा, आई म्हन्ते पत्र्यावर शेंगा वाळत घातल्या, त्या आन." "बाबा, आई म्हन्ते दाढी कर." इतकी वर्षं कौसल्या जगाचं बोलणं त्याला सांगत होती, आता तिचं बोलणं त्याला दुसऱ्यानं सांगावं लागत होतं. कधीकधी रुपाली आधी डोळे पुसायची आणि मग सांगायची, आणि तेव्हा त्याला वाटायचं की पोरगीही आईसारखंच मधलं काही तरी गाळते आहे.

कौसल्या गेली तेव्हा सकाळ होती. ऊन अंगणात आलं होतं. रुपाली नळावर पाणी भरायला गेली होती. धम्मरत्न खाटेजवळ बसून शेंगा सोलत होता. कौसल्यानं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. आधी मिटले, मग उघडले आणि थोडे फाकले. एकच शब्द. तो वाकला, तिच्या तोंडाजवळ कान नेला. काय उपयोग होता त्याचा, पण नेला. तिनं पुन्हा म्हटलं असावं. गालाला ऊब लागली. त्यानं मान वर करेपर्यंत ओठ थांबले होते. पाणी मागत असेल असं समजून त्यानं चमच्यानं पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं उशीवर उतरलं.

रुपाली घागर घेऊन आली तेव्हा तो अजून चमचा धरून होता.

बुद्धवंदना झाली, पाहुणे आले, गेले. घर मोकळं झाल्यावर त्यानं लेकीला समोर बसवलं.

"आधी ओठ मिटतात, मंग उघडतात, मंग असे फाकतात. कोनता शब्द असन?"

रुपालीनं पदर तोंडाला लावला. "पानी, बाबा. पानीच म्हनली असन."

"पानी देल्लं. घेतलं नाई तिनं."

"मंग माय म्हनली असन. आपल्या मायले हाक मारली असन."

त्यानं आरशासमोर जाऊन दोन्ही शब्द म्हणून पाहिले. दोन्ही बसत होते. आणखीही बसत होते. 'बाई' बसत होता, 'मी' बसत होता. किती तरी दिवस तो असे शब्द जमवत राहिला. रुपाली परत गेल्यावरही वाटेत कोणी बोलताना ओठ मिटून फाकताना दिसले की तो थांबून विचारायचा, "काय म्हनलं तुमी आता?" माणसं चमकायची. मग गावाला कळलंच की मिस्त्रीला ऐकू येत नाही, आणि कधीपासून येत नाही याचाही लोकांनी हिशोब लावला. कोणी त्याला हसलं नाही. पण गाडीही कोणी आणली नाही.

बबनराव एकदा म्हणाले, "मशीन लावा कानाले. मी नेतो यवतमाळले." त्यानं मान हलवली. "कायले आता?" म्हणाला. रुपालीनं पुढच्या वर्षी ती आणूनच दिली. तिची मुलगी उर्वशी बोलायला लागली होती, तिच्यासाठी म्हणून. नात आली की तो मशीन लावतो. ती आजोबांना बडबडगीत म्हणून दाखवते आणि तो हसतो. एकदा ती पडशानं खोकली, तर त्याचा चेहरा असा झाला की रुपालीनं पोरीला उचलून बाहेर नेलं. नात गेली की मशीन डबीत.

लिंबाखालचे पत्रे अजून आहेत. धम्मरत्ननं हत्यारांची पेटी पूनमसिंगला देऊन टाकली आणि तिथं पंक्चरचं काम सुरू केलं. सायकल, मोटरसायकल, ट्रॅक्टर. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं.

परवा एक बाहेरगावचा ड्रायव्हर थांबला. त्याला कोणी तरी जुनं नाव सांगितलं असावं. इंजिन चालूच ठेवून तो खाली उतरला, बॉनेटकडे हात करून बरंच बोलला. धम्मरत्ननं त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग ओला हात धोतराला पुसून बसस्टँडच्या दिशेनं दाखवला.

"पूनमसिंगकडं जा. तो आयकन."

ड्रायव्हर गेला. धम्मरत्ननं ट्यूब फिरवली आणि तिचा उरलेला भाग पाण्याखाली धरला.